सगळ्यांचं ‘रंग’ लिहा

आमच्या रंगखान्यात बूट चालत नाहीत. हौदात ओलं कापड तुडवायचं तर अनवाणीच उतरावं लागतं. बुटाखाली कापड फाटतं, आणि घडीत गाठ राहिली तर बुटाला ती कळत नाही, पायाला कळते. मी चाळीस वर्षं काळ्या हौदात उभी राहिले, माझा धाकटा भाऊ पंचवीस वर्षं निळ्या हौदात. कोण कुठल्या हौदावर आहे हे सांगायला आमच्यात कुणाला तोंड उघडावं लागत नाही, तळपाय वर केला की झालं. हा रंग साबणाने जात नाही. दगडाने घासून थोडा जातो, पण त्याबरोबर कातडीही जाते. जुनी कातडी झिजून नवी आली की मगच पाय कोरा होतो, आणि तोवर आपण पुन्हा हौदात असतो.

भाऊ लहानपणी हडकुळा आणि बुटका होता, म्हणून सगळे त्याला टिल्लू म्हणायचे. पुढे तो ताडासारखा वाढला, दाराची चौकट कपाळाला लागायला लागली, तरी नाव टिल्लूच राहिलं. मला सगळे आक्का म्हणतात. हौदावर सगळ्यात जुनी मी. रजा कुणी मागायची, भांडण कुणी मिटवायचं, मॅनेजरपुढे कुणी बोलायचं, सगळं माझ्याकडे. एकतीस माणसांच्या वतीने मी बोलायचे, आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू, फार आवडायचं.

तपासणी झाली तो दिवस मला घड्याळाच्या काट्यासकट आठवतो. सकाळी साडेदहाला आरोग्य केंद्राच्या नर्सबाई एक लॅपटॉप आणि एक फोन घेऊन आल्या. फोनला पुढे भिंग बसवलेलं होतं आणि भिंगाभोवती बारीक दिव्यांचं कडं. भिंग डागावर टेकवायचं, फोटो काढायचा, तो लॅपटॉपमध्ये जायचा, आणि पाच मोजेपर्यंत उत्तर यायचं. हिरवं, पिवळं, नाहीतर लाल.

“कातडीचा कॅन्सर ओळखतं हे,” नर्सबाई म्हणाल्या. “डागांचे लाखो फोटो दाखवून शिकवलंय त्याला. डॉक्टरच्या नजरेतून सुटेल ते याच्या नजरेतून सुटत नाही.”

“आमचे पाय बघून शाळा सोडणार ते,” टिल्लू म्हणाला. लोक हसले.

पहिला पाय लाल आला. दुसरा लाल. तिसरा लाल. पाचव्या लालपर्यंत लोक हसत होते, आठव्याला हसू थांबलं. नर्सबाईंच्या कपाळावर घाम आला. एका लालमागे एक अर्ज, एक चिठ्ठी, मोठ्या रुग्णालयात एक माणूस पाठवायचा. त्यांनी स्पिरिटचा बोळा घेऊन एकाचा तळपाय खसाखसा पुसला. बोळा पांढराच राहिला. पक्का रंग तो, स्पिरिटला कुठला भीक घालतो.

मॅनेजर आवाज ऐकून बाहेर आला. “सगळेच दवाखान्यात गेले तर हौदात कोण उतरणार? मी?”

“उतरा की साहेब, गार वाटेल,” मागून कुणीतरी म्हणालं.

लाल आला की पडद्यावर त्याखाली एक प्रश्न यायचा: ‘या जागी बाहेरून लागलेला रंग आहे का?’ खाली दोन चौकोन, हो आणि नाही. नर्सबाईंनी आठ वेळा तो प्रश्न तसाच सोडून दिला होता. आता त्या लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाल्या, “अहो, हा तुमचा कामाचाच रंग ना?”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

टिल्लू माझ्या मागेच उभा होता. तो वाकून माझ्या कानाशी म्हणाला, “आक्का, माझ्या करंगळीखालचा डाग जुना आहे. मागच्या सुट्टीतही गेला नव्हता.”

मी ऐकलं. हे मी स्पष्ट लिहिते, की मला ते नीट ऐकू आलं होतं. मी मागे वळलेसुद्धा नाही. “गप रे,” म्हणाले, “मागे तुला मुंगी चावली तर तू मृत्युपत्र करायला निघाला होतास.” लोक पुन्हा हसायला लागले, आणि मला बरं वाटलं. मग मी नर्सबाईंना म्हणाले, “बाई, चाळीस वर्षं रंगात आहे मी. रंग मला ओळखू येतो. सगळ्यांचं ‘रंग’ लिहा आणि मोकळ्या व्हा.”

त्यांनी लिहिलं. टिल्लूचा पाय वर आला, फोटो निघाला, लाल पेटला. नर्सबाईंनी ‘हो’वर बोट ठेवलं. लाल विझून करडा झाला. एकतीस माणसं दुपारच्या जेवणाआधी संपली. मॅनेजरने सगळ्यांना चहा पाजला. महिन्याभराने त्याच्या खोलीत एक चौकट लागली: तपासलेले कामगार एकतीस, धोका असलेले शून्य.

तपासणीनंतर सहा महिन्यांनी बॉयलरची नळी फुटली आणि रंगखाना पाच आठवडे बंद राहिला. चाळीस वर्षांत एवढी लांब सुट्टी कधी मिळाली नव्हती. चौथ्या आठवड्यात माझे पाय मला ओळखू येईनात. टाचेच्या कातडीचा खरा रंग कसा असतो तेच मी विसरले होते.

भावजयीने निरोप पाठवला की आक्का, जरा येऊन जा. मी गेले तर टिल्लू खुर्चीवर बसून रेडिओ दुरुस्त करत होता आणि पाय खुर्चीखाली ओढून घेत होता.

“दाखवा त्यांना,” भावजय म्हणाली.

“काही नाही गं. रंग आहे.”

“सगळ्या पायाचा गेला, एवढाच कसा राहिला?” ती माझ्याकडे वळली. “सात महिने हेच चाललंय. मी म्हणते दाखवा, हे म्हणतात आक्का रंग म्हणाली म्हणजे रंगच. तुम्ही बघा आता.”

मी जमिनीवर बसले आणि त्याचा पाय मांडीवर घेतला. तळपाय स्वच्छ होता. करंगळीखाली कोटाच्या बटणाएवढा डाग. एका बाजूला काळाकुट्ट, दुसऱ्या बाजूला शाई सांडून पसरावी तसा विरत गेलेला, आणि मधोमध कातडी तडकून ओल आलेली. मी चाळीस वर्षं रंग बघितले आहेत. रंग सगळीकडे सारखा उतरतो. एकच ठिपका मागे ठेवून तो कधी जात नाही. पोरीबाळींना हे कळलं असतं. मला तर सात महिन्यांपूर्वीही कळलं असतं, मान फिरवून खाली बघितलं असतं तर.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ती माझ्यावरचीच होती, पण मी ओरडले त्याच्यावर. “तोंड नव्हतं का तुला? मी गप म्हटलं तर गप बसायला तू काय पाळण्यातलं बाळ आहेस?”

तो रेडिओचे स्क्रू गोळा करत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही आरोग्य केंद्रात होतो. नर्सबाईंनी लॅपटॉप उघडला, टिल्लूचा नंबर घातला आणि त्यांचा चेहरा पडला.

“आक्का, फोटोचं बटणच येत नाहीये. ‘बाहेरचा रंग, तपासणी पूर्ण’ असं दिसतंय. एकदा पूर्ण झालं की पुढचा फोटो वर्षाने.”

“म्हणजे?”

“म्हणजे अजून पाच महिने.”

“बाई, पाय इथे आहे, भिंग तिथे आहे. मध्ये हे बटण कुठून आलं?”

“माझ्या हातात नाही हो.”

“भिंग तर हातातच आहे!”

त्यांनी भिंग खाली ठेवलं. माझी नजर त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवर गेली. तिथे तपासणीचे नियम छापलेला कागद चिकटवला होता. मी जवळ गेले आणि ओळीखाली बोट धरून वाचत गेले. सहावा नियम: डागाच्या जागी बाहेरचा रंग असल्यास व तो पुसून निघत नसल्यास, चार आठवडे त्या जागी रंग लागू न देता पुन्हा फोटो घ्यावा.

“हे काय आहे?”

नर्सबाई मागे वळूनही बघायला तयार नव्हत्या. त्यांना तो पाठ असणार. “आक्का, दिवसाला साठ फोटो मागतात माझ्याकडून. दोन केंद्रं, एकटी मी. चार आठवडे कुणाला हौदाबाहेर ठेवणार होता तुमचा मॅनेजर?” त्यांचा आवाज चिरकला. “आणि तुम्हीच म्हणालात ना, सगळ्यांचं लिहा म्हणून.”

त्या रडायच्या बेतात होत्या. मला दया आली नाही. आज येते, तेव्हा आली नाही. मी तो कागद भिंतीवरून ओढला. चारही कोपरे भिंतीवरच राहिले.

“अहो, सरकारी कागद आहे तो!”

“मग सरकारला सांगा, आक्का घेऊन गेली.”

दाराशी पोचले तेव्हा त्या धावत मागून आल्या, माझ्या हातातला कागद घेतला आणि त्याच्या मागे पेनने टिल्लूचा नंबर आणि तपासणीची तारीख लिहिली. “मोठ्या रुग्णालयात हे दाखवा. जुना फोटो त्यांना दिसेल,” एवढं बोलून त्या आत गेल्या.

मोठ्या रुग्णालयात कातडीच्या विभागाला खिडकी आहे, आणि खिडकीत एक कारकून. त्याने नंबर घातला. “चिठ्ठी नाही. केस बंद आहे.”

“माणूस चालू आहे,” मी म्हणाले.

“आजी, आरोग्य केंद्रातून चिठ्ठी आणा.”

“तिथे बटण येत नाही म्हणतात.”

“मग ते इथेही येणार नाही. पुढचे कोण?”

टिल्लूने माझी बाही ओढली. “आक्का, चल. लोक बघतायत.”

“बघू दे. मोजा काढ.”

“इथे?”

“इथेच. तू काढ, नाहीतर मी काढीन आणि मग आणखी बघतील.”

त्याने बूट काढला, मोजा काढला. एवढा उंच माणूस, त्याला पाय वर न्यायला काय कष्ट! उघडा तळवा त्याने सरळ खिडकीच्या फळीवर टेकवला, कारकुनाच्या नाकापुढे. कारकुनाने आधी आपला जेवणाचा डबा मागे ओढला, मग खुर्ची.

“हा काय प्रकार आहे? शिपाई!”

“शिपाई नको, डॉक्टर बोलवा!” मी ओरडले. रांगेतलं एक मूल रडायला लागलं. मी थांबले नाही. कागद फडकावून सहावा नियम मोठ्याने वाचला, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा वाचत होते तेव्हा आतलं दार उघडून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तरुण होत्या. तोंड उघडलं ते मला झापायला. मग त्यांची नजर फळीवरच्या पायाकडे गेली, आणि तोंड तसंच मिटलं.

“आत या,” त्या टिल्लूला म्हणाल्या.

आत त्यांनी हातातल्या भिंगाने बराच वेळ तो डाग बघितला. मग नर्सबाईंच्याकडे होतं तसंच यंत्र लावलं. लाल. मग कागदामागचा नंबर घालून जुना फोटो उघडला. निळ्या तळव्याचा तो फोटो पडद्यावर आला. निळ्यामध्येही तो डाग दिसत होता, ज्याला बघायचा होता त्याला. फोटोखाली यंत्राचं पहिलं उत्तर होतं, तारखेसकट: लाल.

“तेव्हाच सांगितलं होतं याने,” त्या म्हणाल्या. पडद्यावर बोट ठेवून त्यांनी आम्हाला समजावलं. तळपायाची कातडी म्हणजे सरी-वरंबे असलेलं वावर. साधा तीळ सरीत बसतो. हा आजार वरंब्यावर बसतो. “तुमच्या कामाचा रंगही वरंब्यावरच बसतो. म्हणून यंत्राला सगळेच पाय लाल दिसले. रंग आणि रोग त्याला वेगळे करता येत नव्हते, म्हणून त्याने माणसाला विचारलं.” त्या पडद्यावरून आमच्याकडे वळल्या. “कुणी सांगितलं ‘हो’?”

सकाळपासून मी ओरडत होते. आता टिल्लूचा मोजा हातात घेऊन तो सुलटा करत बसले.

“नर्सने न बघता दाबलं का?”

“मी सांगितलं,” मी म्हणाले.

“तुम्ही कोण यांच्या?”

“बहीण.”

त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. “सात महिने,” एवढं त्या म्हणाल्या, आणि लिहायला लागल्या. दुसऱ्याच दिवशी डागाचा तुकडा काढून तपासायला पाठवायचं ठरलं.

निकालाला अकरा दिवस लागणार होते, आणि मला घरी बसवेना. बॉयलर सोमवारी पेटणार होता. एकदा पेटला की उरलेल्या तीस जणांचे पाय पुन्हा रंगणार. डॉक्टरीणबाईंचं पत्र घेऊन मी मॅनेजरकडे गेले. तो भिंतीवरच्या चौकटीकडे हात करून म्हणाला, “झालेली आहे की तपासणी. तूच तर म्हणालीस रंग आहे.”

“माझ्या शब्दावर चौकट लावलीस तू?” इतकी वर्षं मी त्याला अहोजाहो केलं होतं, त्या दिवशी केलं नाही. “पोराच्या तापाची रजा मागायला येते तेव्हा माझा शब्द तुला पुरत नाही, डॉक्टरचा कागद लागतो. इथे पुरला?”

त्याने पत्र हातात घेतलं. रविवारी फोटो निघाले. पत्र होतं, म्हणून बटणही आलं. कोऱ्या पायांवर यंत्राने एकोणतीस हिरवे दिले आणि एक पिवळा. पिवळ्याला मोठ्या रुग्णालयात बोलावलं आहे. माझा फोटो झाल्यावर मी त्या दिवशी फाटकाबाहेर उभी राहिले. कुणीतरी बाहेर येऊन विचारलं, आक्का, नर्सबाई विचारतायत डाग किती जुना, काय सांगू? मी म्हटलं, “मला विचारशील तर थोबाडीत खाशील.”

निकालाच्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंसमोर बसलो, टिल्लू, भावजय आणि मी. त्या फिरवून बोलल्या नाहीत. कॅन्सरच होता, आणि खोल गेला होता. करंगळी, तिच्या शेजारचं बोट आणि खालचा तळवा कापावा लागेल. जांघेत एक गाठ लागते आहे, तीही काढून बघायची. बुधवारी दाखल व्हायचं.

मी लगेच सुरू झाले. “दुसरा इलाज असेल तर आधी तो सांगा. बुधवारी नको, त्याच्या पोरीला परगावाहून यायला वेळ लागेल. तो घाबरट आहे, नाही म्हणेल, पण मी त्याला...”

“आक्का, बाहेर बस,” टिल्लू म्हणाला.

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. “काय?”

“बाहेर जाऊन बस. पाय माझा आहे.”

बावन्न वर्षांत तो माझ्याशी असं बोलला नव्हता. माझा संताप उफाळून आला. “मी नसते ना, तर तू या खुर्चीपर्यंत पोचला नसतास! त्या खिडकीशी कोण भांडलं? कागद कुणी फाडून आणला?”

“तू नसतीस तर सात महिन्यांपूर्वी पोचलो असतो.”

तो ओरडला नाही. ओठ पांढरे पडले होते आणि दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट होते. मी भावजयीकडे बघितलं. ती फाईलकडे बघत होती. डॉक्टरीणबाई वाट बघत राहिल्या. मी उठले.

बाहेरच्या बाकावर बसले. दार नीट लागत नव्हतं, फटीतून आवाज येत होता. टिल्लू प्रश्न विचारत होता. हा माणूस रजासुद्धा माझ्या तोंडून मागायचा. आता एकेक प्रश्न स्वतः विचारत होता, थांबत थांबत, उत्तर पुरतं ऐकून घेत. चालता येईल का? काठी लागेल का? हौदात उतरता येईल का? मग म्हणाला, “गाठीतही तेच निघालं, तर किती दिवस?”

उत्तर मला ऐकू आलं नाही. मी उठले, दाराची मूठ धरली. मूठ गार होती. ती सोडून दिली आणि पुन्हा बसले.  राग कुणाकुणाचा होता ते मोजत बसले असते तर संध्याकाळ झाली असती, आणि फिरून फिरून मी एकाच नावाशी आले असते.

अर्ध्या तासाने ते दोघं बाहेर आले.

“बुधवारी दोन बोटं आणि तळवा,” तो म्हणाला. “सही केली.”

“आणि गाठीचं काय म्हणाल्या?”

“मला सांगितलंय.”

“टिल्लू...”

“मला सांगितलंय, आक्का.”

तो भावजयीच्या खांद्यावर हात टाकून लंगडत जिन्याकडे निघाला. पहिल्या पायरीशी थांबला, दुखरा पाय आधी टाकायचा की चांगला, याचा विचार करत. आधी चांगला टाक, असं माझ्या अगदी जिभेवर आलं. मी दातांखाली जीभ धरली. त्याने दुखरा टाकला, कळवळला, मग पाय बदलून एकेक पायरी उतरत गेला.